डाग उन्हाचाच आहे का?

मार्च लागला की नांदेड-लातूरच्या औषध दुकानांत एक मागणी रोज कानावर पडते. "उन्हानं तोंड काळं पडलंय, काहीतरी ट्यूब द्या." दुकानदार ट्यूब देतो, गिऱ्हाईक घरी जातं, आणि आठ-दहा दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग शेजारीण तीच ट्यूब मागवते. दोन मिनिटांच्या या व्यवहारात दोन गोष्टी कुणी तपासलेल्या नसतात: काळेपणा खरंच उन्हाचा आहे का, आणि ट्यूबमध्ये नेमकं काय आहे. ती ट्यूब घेण्याआधी काय पाहायचं आणि काय करायचं, यासाठी हा लेख आहे.

आधी रंगाबद्दल. मराठवाड्यातल्या बहुतेकांचा रंग सावळा किंवा गव्हाळ आहे आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही. कातडीतलं मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपलं रक्षण करतं. गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे फार कमी दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे मेलॅनिनच आहे. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. सावळ्या कातडीला पुरळ, भाजणं, खाजवणं, घासणं, आग करणारी क्रीम असा कुठलाही त्रास झाला की ती तिथे काळा डाग ठेवते आणि तो डाग महिनोन् महिने राहतो. म्हणून चेहरा उजळण्यासाठी केलेले जहाल उपाय आपल्याकडे उलटतात.

तुमचा मूळ रंग कोणता हे पाहायचं असेल तर दंडाची आतली बाजू पाहा. तिथे ऊन लागत नाही. चेहरा आणि हात त्यापेक्षा काळे दिसत असतील तर तो फरक उन्हाचा असू शकतो आणि ऊन अडवलं तर तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बराच कमी होतो. दंडाच्या आतल्या बाजूपेक्षा उजळ होण्याचं वचन देणारी वस्तू मात्र घेऊच नका. तेवढं उजळायचं तर कातडीला इजा केल्याशिवाय होत नाही.

ऊन कधी लागतं

आपण ऊन तापमानावरून ओळखतो. मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ अंशांवर जातो तो दुपारी तीन-साडेतीनला, म्हणून "दुपारचं ऊन टाळा" म्हटलं की लोक दोन ते चार घरात थांबतात आणि अकरा वाजता बाजार करून येतात. कातडी काळवंडवणाऱ्या अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य डोक्यावर असताना सर्वांत जास्त असतो. आपल्या भागात सूर्य मध्यावर येतो तो साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. मेच्या मध्यावर तर तो अगदी बरोबर डोक्यावर येतो. लातुरात १३-१४ मेच्या सुमारास आणि नांदेडला १६ मेच्या सुमारास भरदुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत अकराचं ऊन तीनच्या उन्हाइतकं भाजत नाही, पण कातडी रापवण्यात ते पुढे असतं.

यासाठी मोबाईलवरचा आकडा पाहायची गरज नाही, आपली सावली पुरते. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अंग झाका. मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या आसपास सुरू होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत टिकते. डिसेंबरातही आपल्याकडे दुपारी बाराच्या पुढे सावली अंगापेक्षा किंचित आखूडच असते. थंडीत तूर काढताना किंवा ऊस तोडताना ऊन गोड लागतं, त्यामुळे कुणी डोकं झाकत नाही, आणि फेब्रुवारीत आरशात पाहिल्यावर चेहरा रापलेला दिसतो तो या गोड उन्हानंच. पावसाळ्यातही निर्धास्त राहू नका. ढग पातळ असतील तर बरीचशी अतिनील किरणं त्यातून खाली येतात.

काचेचंही तसंच. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. कातडी भाजणारी 'बी' किरणं साध्या काचेत अडतात. डाग गडद करणारी 'ए' किरणं काचेतून आत येतात. एसटीचा चालक, ट्रकवाला, टेम्पोवाला यांचा उजवा हात आणि उजवा गाल डाव्यापेक्षा काळा असतो तो खिडकीच्या बाजूला असल्यामुळे. गाडी चालवणं हाच रोजगार असेल तर उजव्या हाताला बाही हवीच.

आधी कापड

मराठवाड्याच्या शेतात खुरपणी करणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट घालतात, डोक्यावर टॉवेल किंवा रुमाल बांधतात, त्यावर पदर घेतात. कुणी शिकवलं नाही, कामातून आलेलं शहाणपण आहे. ऊन अडवण्याचा यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय बाजारात नाही. त्यात फक्त दोन-तीन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात.

कापड उजेडासमोर धरा. पलीकडचं स्पष्ट दिसत असेल तर ऊनही आत येणार. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती शर्ट घामानं भिजला की फार थोडं ऊन अडवतो. घट्ट विणीचं, थोडं गडद रंगाचं कापड जास्त अडवतं. गडद कापड तापतं ही तक्रार खरी आहे. म्हणून शर्ट सैल असावा, आत हवा खेळावी. मनगट आणि पंजाची मागची बाजू सगळ्यात जास्त उघडी राहते, तिथे जुन्या मोज्यांचे तळवे कापून हातमोजे करता येतात. पुरुषांच्या बाबतीत गांधी टोपीनं डोकं झाकतं, पण कान, मान आणि नाक उघडं राहतं. मानेवरून पुढे येणारं उपरणं किंवा फेटा टोपीपेक्षा बरा. चारी बाजूंनी काठ असलेली टोपी त्याहून बरी. आपल्याकडे ती टोपी फक्त क्रिकेटच्या मैदानावर शोभते असं पुरुषांना वाटतं, ते मनातून काढून टाकावं.

शहरात स्कूटीवरच्या मुली सनकोट घालतात, तोंडाला स्कार्फ बांधतात, हातमोजे घालतात. लातूरच्या शिकवण्यांच्या भागात दुपारी बाराला वर्ग सुटतो तेव्हा रस्ताभर हेच दृश्य असतं. चांगलंच आहे. फक्त स्कार्फ रोज धुवा. आठवडाभराचा घाम आणि धूळ बसलेला स्कार्फ तोंडावर आवळला की पुटकुळ्या येतात आणि प्रत्येक पुटकुळी मागे डाग ठेवते. वसतिगृहात राहणाऱ्या, गावाकडून आलेल्या मुलामुलींना हे सांगणारं कुणी जवळ नसतं. नाकाच्या दांड्यावर स्कार्फची गाठ किंवा कडक शिवण घासू देऊ नका.

सावली मागून घ्या, हेही सांगायला हवं. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि विश्रांतीसाठी सावली ही कायद्यात लिहिलेली सोय आहे. मुकादमाला ती आठवण करून देण्यात संकोच नको. खासगी शेतावर उन्हाळ्यात काम सकाळी सातला सुरू करून बाराच्या आत संपवण्याची पद्धत पुष्कळ गावांत आहेच. आपल्या गावात नसेल तर मजूर आणि शेतमालक दोघांनी मिळून ती सुरू करावी, दोघांचाही फायदा आहे.

सनस्क्रीन कुणी लावायचं

सनस्क्रीन सगळ्यांनी लावावं असं जाहिरात सांगते. मी जरा हिशेब मांडते. चेहरा आणि मान यांना एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास सनस्क्रीन लागतं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं ते भरतं. बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. वाटाण्याएवढा थेंब सगळ्या तोंडाला फासला तर वेष्टनावर लिहिलेल्या संरक्षणाचा थोडासाच भाग मिळतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हा खर्च परवडत नाही, आणि तिच्या घामापुढे ते क्रीम टिकतही नाही. तिनं कापडावरच विसंबावं.

ज्यांनी सनस्क्रीन टाळू नये असे लोक वेगळे आहेत. चेहऱ्यावर वांग असलेले, कोडाचे पांढरे डाग असलेले, जन्मतः पांढरी कातडी आणि पांढरे केस असलेले, ल्युपससारखा आजार असलेले. जन्मतः मेलॅनिन नसलेल्या मुलामुलींना तर कर्करोगाचाही धोका असतो. त्यांना लहानपणापासून पूर्ण बाह्या, टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन हे सगळं हवं, शाळेतल्या कवायतीलाही सूट मागावी.

विकत घेताना एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं घ्या. ३० म्हणजे 'बी' किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० म्हणजे ९८ टक्के. १०० लिहिलेल्यासाठी दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही. 'पीए' पुढे तीन किंवा चार अधिक चिन्हं असावीत, ती 'ए' किरणांसाठी असतात. वांग असेल तर आणखी एक पाहा. सावळ्या कातडीवरचं वांग दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतं आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी रंगछटा असलेलं, म्हणजे घटकांत आयर्न ऑक्साइड लिहिलेलं, सनस्क्रीन लागतं. ते कातडीच्या रंगात मिसळतं, चेहरा पांढरट दिसत नाही. आपल्या रंगाला ते जास्त शोभतं हा वेगळा फायदा.

ड जीवनसत्त्वाची काळजी असेल तर त्यासाठी चेहरा उन्हात धरायची गरज नाही. हातपाय थोडा वेळ उघडे असले तरी पुरतं, आणि कमतरता निघालीच तर डॉक्टर औषध देतात.

वांग

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर, दोन्ही बाजूंना सारखेच तपकिरी चट्टे, खाज नाही, आग नाही: हे वांग. बायकांमध्ये जास्त, पण उन्हात काम करणाऱ्या पुरुषांनाही होतं. गरोदरपणात किंवा पाळणा लांबवणाऱ्या गोळ्यांनी सुरू होतं, घरातल्या दुसऱ्या कुणाला असतं, आणि ऊन त्याला खतपाणी घालतं. चुलीची किंवा भट्टीची धगही. पोटात बिघाड, रक्तात दोष, अशी कारणं सांगून पुड्या विकणारे पुष्कळ भेटतात, त्यांना लांब ठेवा.

वांग पूर्ण जाईलच असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. ते फिकं होतं, आटोक्यात राहतं आणि दोन महिने ऊन अंगावर घेतलं की परत येतं. गरोदरपणातलं वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरंचसं आपोआप उतरतं, तोवर ऊन अडवणं एवढाच उपाय करावा. त्या काळात आणि अंगावर पाजत असताना उजळवणारं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. एरवी त्वचारोगतज्ज्ञ जे औषध देतील त्याचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. हायड्रोक्विनोन असलेलं औषध ठरावीक काळच वापरायचं असतं. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं लावत राहिलं तर कातडीवर निळसर काळे डाग येतात आणि ते मूळच्या वांगापेक्षा घालवायला अवघड. वांगासाठी ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्याही दिल्या जातात. त्या रक्त गोठण्याशी संबंधित आहेत, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणायच्या नाहीत.

जे उन्हाचं नाही

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. काळेपणा आला की आपण उन्हाकडे बोट दाखवतो आणि खरं कारण तसंच राहतं.

मान काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, काखेतही तसंच असेल, तर ती मळ नाही आणि ऊनही नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. वजन वाढलेल्या दहावी-बारावीतल्या मुलांच्या मानेवर ती हल्ली फार दिसते. आई त्या मुलीची मान घासणीनं घासते, मुलगी रडते, मान आणखी काळी होते. घासणी ठेवून द्या आणि साखर तपासून घ्या. मुलीची पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. वजन उतरलं की मान हळूहळू उजळते.

घासण्याचा हा सोस एकूणच सोडायला हवा. नायलॉनची घासणी, वजरी, खरखरीत टॉवेल यांनी रोज पाठ आणि दंड घासणाऱ्यांच्या अंगावर हाडांच्या उंचवट्यांवर राखाडी-काळे पट्टे उमटतात. टाचेसाठी वजरी ठीक आहे, बाकी अंगाला हाताचा तळवा पुरे.

बोटांच्या पेरांवर, सांध्यांवर काळेपणा आला, जीभ लाल होऊन झोंबते, हातापायाला मुंग्या येतात, थकवा आहे, असं असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा. माळकरी आणि शाकाहारी घरांत ही कमतरता नेहमी आढळते. औषधानं हा काळेपणा जातो. तो घालवायला क्रीम लावत बसलेली माणसं हाताच्या मुंग्यांकडे दुर्लक्ष करतात, ही खरी हानी.

एक जुना आजार आपल्या भागाशी जवळून जोडलेला आहे. गळ्याभोवती हारासारखा, पंज्यांच्या आणि पावलांच्या मागच्या बाजूला मोज्यासारखा काळा, तडकलेला, उन्हानं आग होणारा पट्टा, त्याबरोबर जुलाब आणि विसरभोळेपणा: हा पेलाग्रा, नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. तो मक्यावर जगणाऱ्या लोकांचा म्हणून जगभर ओळखला जात होता. दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसला. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी जोडला. नांदेड-लातूर त्याआधी काही वर्षांपर्यंत हैदराबाद राज्यातच होते आणि ताटही तेच होतं. ज्वारी सोडा असा याचा अर्थ मुळीच नाही. भाकरीबरोबर वरण, शेंगदाणे, दूध, अंडी असेल तर भीती नाही. आज हा आजार मुख्यतः जेवण सोडून दारू पिणाऱ्यांत आणि कधीकधी क्षयाची आयसोनियाझिड गोळी चालू असलेल्यांत दिसतो. उपचार स्वस्त आहे आणि गुणही लवकर येतो, पण गळ्यावरचा तो पट्टा "उन्हाचा" म्हणून सोडून दिला तर माणूस हातचा जातो.

शेतकऱ्यांसाठी गाजर गवत. हे तण १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि आता एकही बांध त्याच्यावाचून नाही. त्याची ॲलर्जी झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणीत खाज सुटते, कातडी जाड आणि काळी होते, उन्हात गेलं की भडकते. दिसायला ते हुबेहूब उन्हाचं वाटतं. फरक असा की यात खाज असते आणि पावसाळ्यापासून पुढे, गवत फुलल्यावर त्रास वाढतो. हे गवत फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. ज्याला त्रास आहे त्यानं ते काम दुसऱ्याला द्यावं. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगेरे त्याची पानं खाताना दिसले तर तिथे तणनाशक मारू नका.

घरातल्या वस्तूंनी होणारे डाग आपल्याला सुचतही नाहीत. केसांना लावायची काळी मेंदी ही बहुतेक वेळा रासायनिक कलप असते. तिनं आधी कानामागे, कपाळाच्या कडेला खाज येते आणि मग चेहरा-मान राखाडी होते. हलक्या रंगांच्या कुंकवानं कपाळावर काळा डाग राहतो, टिकलीच्या गोंदानं काहींना तिथेच पांढरा डाग येतो. अशा वेळी टिकली-कुंकू काही महिने बंद ठेवायला घरच्यांनी आडकाठी करू नये. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातून येणारा बिब्बा अजून भेगांवर, दुखण्यावर डागला जातो. त्याचं तेल कातडी जाळतं आणि काळा व्रण ठेवतं. आणि लिंबू. चेहरा उजळावा म्हणून लिंबाचा रस लावून जो उन्हात जातो त्याच्या कातडीवर त्या रसातले घटक उन्हाशी मिळून भाजल्यासारखे काळे ओघळ उठवतात. लिंबू वरणावर पिळा.

फिकट डागांबद्दल एवढंच की पाठीवर-छातीवर कोंडा सुटणारे फिके ठिपके बहुधा शिबं असतात, बुरशीचं औषध लागतं. पण फिक्या किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर अपंगत्व येत नाही.

ती ट्यूब

आता दुकानातल्या ट्यूबकडे परत येऊ. आठ दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या बहुतेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एकही नाव दिसलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती चेहऱ्याला लावायची नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरी ती मागितल्यावर मिळतात, आणि मला याचा राग येतो. हीच मलमं योग्य रोगावर, थोडे दिवस वापरली तर उत्तम औषध आहेत. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि लावणं थांबवलं की आग होऊन चेहरा लालेलाल होतो. घाबरून माणूस पुन्हा लावतो. यात अडकला असाल तर लाजू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते सोडवण्याचा क्रम असतो आणि त्यातून चेहरा सावरतो, फक्त धीर लागतो. नायट्यावरही हीच मिश्र मलमं लावली जातात, त्यानं नायटा दबतो आणि पसरतो.

दुसरी वस्तू याहून घातक आहे. अकोल्यातल्या एका कुटुंबात आई आणि दोन मुली अशा तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं २०२२ मध्ये आढळलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधता शोधता डॉक्टर तिघींनी वापरलेल्या एकाच क्रीमपर्यंत पोहोचले. ते स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेलं होतं आणि त्यात पारा निघाला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा असाच विकार नोंदवला. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा झपाट्यानं उजळतो. कातडीतून तो रक्तात जातो आणि तिथून मूत्रपिंडात. एकाच टॉवेलवर, उशीवर, आईच्या गालावरून बाळाच्या तोंडातही तो जाऊ शकतो. आपल्याकडच्या कायद्यानं सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला मनाई आहे, पण नाव-पत्ता नसलेल्या डबीला कायदा विचारत नाही.

म्हणून पार्लरमधून सुट्या डबीत दिलेलं "नाईट क्रीम", ज्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नाही असं कुठलंही क्रीम, घरात आणू नका. "सोन्याचांदीला लागू देऊ नका" अशी सूचना असेल किंवा घटकांत मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी ही नावं असतील तर ते ताबडतोब बंद करा. असं क्रीम लावत असताना चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवी तपासून घ्या आणि क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवा.

लग्नसराई एप्रिल-मेमध्येच असते, आणि ठरलेल्या मुलीच्या आईला कुणीतरी हमखास सांगतं, दोन महिन्यांत मुलगी उजळेल. ही दोन महिन्यांची घाईच अशा डब्या विकते. मुलीच्या रंगावर स्थळ अडत असेल तर क्रीमऐवजी त्या स्थळाचा विचार करावा. हळदीच्या आधी पंधरा दिवस ब्लीच, डी-टॅन, नवं फेशियल यांतलं काहीही पहिल्यांदा करून पाहू नका. पुरळ उठलं तर लग्नाच्या फोटोत तेच येईल आणि डाग पुढचे सहा महिने राहील.

कुठे जायचं, काय न्यायचं

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. खासगी डॉक्टरकडे जाणार असाल तर पाटीवर त्वचारोगाची पदवी आहे का ते पाहा. डाग महिन्याभरात वाढत असेल, त्यात खाज किंवा बधिरपणा असेल, गालांवर फुलपाखरासारखी लाली येऊन सांधे दुखत असतील, किंवा एकदम सगळं अंग आणि हिरड्या काळवंडल्या असतील आणि वजन उतरत असेल, तर थांबू नका.

जाताना चेहरा स्वच्छ धुऊन जा, पावडर लावू नका. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, कारण रक्तदाबाच्या, क्षयाच्या, मलेरियाच्या काही गोळ्यांनीही कातडी उन्हात काळवंडते. दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो मोबाईलमध्ये असेल तर दाखवा, डाग कधी सुरू झाला ते त्यावरून कळतं. आणि घरात जेवढ्या ट्यूब, डब्या, पुड्या असतील तेवढ्या एका पिशवीत घाला, रिकाम्या झालेल्या सुद्धा. लावत होतो हे सांगायला संकोच वाटला तर बोलू नका, पिशवी टेबलावर ठेवा. डॉक्टरांना त्यातल्या एखाद्या पिळून चपट्या झालेल्या ट्यूबवरूनच निम्मं निदान करता येतं.